घोस्ट गन आणि अमेरिकेतील राज्यांचे कायदे : सारा भार व्याख्येवर

पुण्यात विधी शाखेचे शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थ्याचे तीन प्रश्न आहेत. घरी जुळवलेल्या, अनुक्रमांक नसलेल्या बंदुकांविषयीचा, म्हणजेच ‘घोस्ट गन’विषयीचा, संघीय नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उचलून धरला, तर मग तेथील राज्यांनी वेगळे कायदे करण्याची गरज राहते का? शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या दुसऱ्या घटनादुरुस्तीपुढे असे कायदे टिकतात का? आणि असा कायदा लिहिताना सर्वांत जास्त काळजी कोठे घ्यावी लागते? अमेरिकेत वकिली करताना राज्य विधिमंडळांपुढे येणाऱ्या शस्त्रविषयक विधेयकांचे मसुदे तपासण्याचे काम गेली अनेक वर्षे माझ्याकडे येत आले आहे, त्या अनुभवावरून उत्तर देतो. गरज निश्चित राहते. कायदे आतापर्यंत बहुतांशी टिकले आहेत, मात्र त्यांतील सगळी कलमे सारखी भक्कम नाहीत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात द्यायचे तर ते ‘व्याख्या’ असे आहे. ज्या राज्याने आपले मुख्य शब्द संघीय कायद्याकडून उसने घेतले, त्याचा कायदा ऐन वेळी हात देत नाही.

‘घोस्ट गन’ हा शब्द वाचताच मराठी वाचकाला गावठी कट्टा आठवेल. साम्य आहे, पण कायद्याच्या दृष्टीने दोन्हींत मूलभूत फरक आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या सीमेवरील उमर्टीसारख्या गावाचे नाव ज्या कट्ट्यांमुळे वारंवार बातम्यांत येते, ते कट्टे घडवणे हाच मुळात गुन्हा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमानुसार परवान्याशिवाय शस्त्र बनवता येत नाही. अमेरिकेत याच्या उलट, ज्याला बंदूक बाळगण्यास कायद्याने मनाई नाही अशा माणसाने स्वतःच्या वापरासाठी घरी बंदूक बनवणे हा संघीय कायद्याखाली गुन्हा नाही, त्यासाठी परवाना लागत नाही आणि त्या बंदुकीवर अनुक्रमांक कोरण्याचे बंधनही नाही. १९६८ च्या ‘गन कंट्रोल ॲक्ट’ने अनुक्रमांकाची सक्ती केली ती परवानाधारक उत्पादक आणि आयातदार यांच्यावर. त्या काळी घरच्या लेथवर बंदूक तयार करणारा माणूस हा विरळा हौशी कारागीर होता, आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करणे कोणालाही धोक्याचे वाटले नाही.

अनुक्रमांक नसला म्हणजे नेमके काय अडते, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. अमेरिकेत बंदूकमालकांची राष्ट्रीय नोंदवही नाही. १९८६ च्या कायद्याने संघीय यंत्रणेला ती नियमांद्वारे उभारण्यास मनाई केली आहे. गुन्ह्याच्या जागी बंदूक सापडली की पोलीस तिचा क्रमांक वेस्ट व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्ग येथील राष्ट्रीय माग केंद्राकडे पाठवतात. तेथील कर्मचारी उत्पादकाला विचारतात, उत्पादक घाऊक विक्रेत्याचे नाव सांगतो, घाऊक विक्रेता दुकानदाराचे, आणि दुकानदार आपल्या दप्तरातील फॉर्म पाहून पहिल्या गिऱ्हाइकाचे. एवढी ही साखळी आहे आणि तिचे पहिले टोक त्या क्रमांकात आहे. क्रमांकच नसेल तर कोणाला फोन करायचा, हेच कळत नाही.

या जुन्या फटीतून मोठा व्यापार शिरला तो जोडणी संचांच्या रूपाने. बंदुकीचा जो भाग कायद्याच्या दृष्टीने स्वतःच बंदूक मानला जातो, म्हणजे गोळी झाडण्याची यंत्रणा ज्यात बसते तो सांगाडा (पिस्तुलाची फ्रेम किंवा रायफलचा रिसीव्हर), तो किंचित अपुरा ठेवून विकायचा आणि ‘ही बंदूक नाही, हा प्लॅस्टिकचा तुकडा आहे’ असे म्हणायचे, ही त्यातली युक्ती. बाजारात त्याला ‘८० टक्के’ असे नाव पडले. या टक्क्यांना कायद्यात कसलाही आधार नाही. ती निव्वळ जाहिरातीची भाषा आहे. माल बंदूक ठरत नसल्याने परवाना नको, गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासणी नको, क्रमांकही नको. वयाने लहान असलेले मूलसुद्धा तो टपालाने मागवू शकत होते, आणि याचे परिणाम शाळांनी भोगले. नोव्हेंबर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील सॉगस हायस्कूलमध्ये सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने संचातून जुळवलेल्या पिस्तुलाने दोन सहाध्यायांचा जीव घेतला. जानेवारी २०२२ मध्ये मेरिलँडच्या माँटगोमेरी काउंटीत मॅग्रूडर हायस्कूलच्या स्वच्छतागृहात एका विद्यार्थ्याने दुसऱ्यावर गोळी झाडली, तेव्हाही हत्यार ऑनलाइन मागवलेल्या भागांचेच होते. संघीय यंत्रणेकडे मागासाठी आलेल्या घोस्ट गनची संख्या २०१७ मध्ये सुमारे १,६०० होती. २०२१ मध्ये ती १९,००० च्या वर गेली. हे आकडे सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निकालातच दिले आहेत.

आता पहिला प्रश्न. मद्य, तंबाखू, बंदुका व स्फोटके यांचे नियमन करणाऱ्या संघीय खात्याने एप्रिल २०२२ मध्ये नियम प्रसिद्ध केला आणि तो ऑगस्टपासून लागू झाला. सहज बंदुकीत रूपांतर होऊ शकणारे संच आणि अर्धवट फ्रेम हे बंदुकीच्या व्याख्येतच येतात, असे त्याने स्पष्ट केले. टेक्सासमधील न्यायालयाने तो रद्द ठरवला, अपील न्यायालयाने बहुतांशी तेच म्हटले, आणि अखेर ‘बाँडी विरुद्ध व्हॅनडरस्टॉक’ या खटल्यात २६ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो कायम केला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती गॉर्सच यांनी लिहिला. थॉमस आणि आलिटो यांनी विरोधी मत नोंदवले.

हा निकाल वाचताना विद्यार्थी बहुतेक वेळा एक गोष्ट चुकवतात. आव्हान संपूर्ण नियमालाच होते, त्यामुळे न्यायालयाने एवढेच ठरवले की निदान काही संच आणि काही अर्धवट फ्रेम १९६८ च्या कायद्यात बसतात, आणि तेवढ्याने नियम तरतो. विरजण लावलेले दूध नेमक्या कोणत्या घटकेला दही झाले, हे न्यायालयाने सांगितलेले नाही. घट्ट लागलेल्या एका भांड्याकडे बोट दाखवून ‘हे तरी दहीच’ असे म्हटले आहे. त्याआधीच्या पातळ भांड्यांविषयीचे वाद पुढे व्हायचेच आहेत. दुसरे असे की हा विधिमंडळाने केलेला कायदा नसून खात्याचा नियम आहे, आणि नियम बदलण्याचा अधिकार सरकार बदलले की नव्या सरकारकडे जातो. फेब्रुवारी २०२५ मध्ये निघालेल्या अध्यक्षीय आदेशाने मागील सरकारच्या काळातील शस्त्रविषयक नियमांचे पुनरावलोकन करण्यास सांगितलेच आहे. तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा नियम मुख्यतः व्यापाऱ्याला बांधतो. परवानाधारक दुकानदाराकडे क्रमांक नसलेली घरगुती बंदूक आली, तर सात दिवसांत किंवा ती पुढे देण्याआधी त्याने क्रमांक कोरला पाहिजे. पण जो माणूस ती दुकानात नेतच नाही, त्याच्यावर या नियमाने कोणतेही बंधन येत नाही. थ्रीडी प्रिंटरवर फ्रेम छापून ती कपाटात ठेवणारा माणूस या नियमाच्या बाहेरच राहतो, आणि त्याच्यापर्यंत पोहोचायचे तर राज्याचा कायदा लागतो.

राज्यांना हा अधिकार आला कोठून, असे भारतीय वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे, कारण आपल्याकडे शस्त्रे, अग्निशस्त्रे, दारूगोळा आणि स्फोटके हा विषय सातव्या अनुसूचीच्या संघ सूचीतील पाचवी नोंद आहे आणि राज्यांना त्यात हात घालता येत नाही. अमेरिकेत गुन्हे आणि लोकसुरक्षा हा राज्यांचा मूळ अधिकार आहे, आणि १९६८ च्या कायद्यातच असे कलम आहे की, राज्याच्या कायद्याशी थेट आणि उघड विरोध येत असेल तेवढा भाग सोडून हा विषय संघाने व्यापला आहे असे समजू नये. म्हणून संघीय कायदा हा जोत्यासारखा आहे. त्यावर राज्य आपापली भिंत उभारू शकते. आजवर १५ च्या आसपास राज्यांनी आणि राजधानी वॉशिंग्टनने ती या ना त्या उंचीची उभारली आहे.

भिंत कोठे खचते, ते आता पाहू. मिनेसोटात क्रमांक नसलेली बंदूक बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम तीन दशकांपूर्वीपासून आहे. वाचणाऱ्याला ते घोस्ट गनसाठीच लिहिले आहे असे वाटावे इतके सरळ आहे. पण ‘अनुक्रमांक’ या शब्दाच्या व्याख्येत मसुदाकाराने ‘संघीय कायद्याच्या अमुक कलमाखाली आवश्यक असलेला क्रमांक’ असे शब्द घातले होते. गाडीत घरगुती पिस्तूल सापडलेल्या एका आरोपीच्या प्रकरणात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये निर्णय दिला की, संघीय कायदा जिथे क्रमांक मागत नाही तिथे तो नसणे हा या कलमाखालील गुन्हाच होत नाही. म्हणजे ज्या बंदुकीसाठी कलम उपयोगी पडावे, नेमकी तीच त्यातून सुटली. मसुदाकाराने आळसाने केलेली ही चूक नव्हती. संघीय व्याख्येचा आधार घेतला की दोन कायद्यांत मेळ राहतो, असे आम्हा सर्वांना शिकवलेले असते, आणि एरवी ते योग्यही आहे. येथे मात्र राज्याला कायदा करायचा असतो तोच मुळी संघीय व्याख्येत भोक आहे म्हणून. ते भोक असलेले भांडे आणून त्यातच पाणी भरण्यात काय अर्थ?

नेवाडाने दुसरा मार्ग घेतला. २०२१ च्या कायद्यात त्यांनी ‘अपूर्ण फ्रेम किंवा रिसीव्हर’ याची स्वतःची व्याख्या लिहिली : बंदुकीची फ्रेम करण्याच्या हेतूने बनवलेला कच्चा ठोकळा, ओतीव तुकडा किंवा यंत्रावर घडवलेला भाग, ज्यावरची बहुतेक मोठी यांत्रिक कामे झालेली आहेत. त्याच राज्यात कारखाना असलेल्या, अशा संचांच्या व्यापारात आघाडीवर असलेल्या पॉलिमर८० या कंपनीने लगेच आव्हान दिले. ‘बहुतेक’ म्हणजे किती, ‘मोठी कामे’ म्हणजे कोणती, हेतू कोणाचा, असे तिचे मुद्दे होते, आणि कनिष्ठ न्यायालयाने ही व्याख्या संदिग्ध म्हणून घटनाबाह्य ठरवली. एप्रिल २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. हे शब्द त्या व्यवसायातील माणसाला आणि सामान्य वाचकालाही नेहमीच्या अर्थाने कळतात, असे त्याने म्हटले. निकाल राज्याच्या बाजूने लागला, तरी मधली दोन-अडीच वर्षे त्या कायद्याचा कणा मोडलेलाच राहिला. म्हणून माझा आग्रह असतो की व्याख्येत टक्केवारीची किंवा ‘बहुतेक’ची भाषा शक्यतो टाळावी आणि त्याऐवजी वस्तू कशी विकली जाते याकडे पाहावे : तिच्यासोबत साचा, भोके पाडण्याचे मार्गदर्शक किंवा सूचनापत्रक दिले होते का, जाहिरातीत तिचे वर्णन काय होते, सामान्य हत्यारांनी ती किती वेळात पूर्ण होते. न्यायाधीशाला धातूशास्त्र शिकवण्यापेक्षा जाहिरात दाखवणे सोपे जाते.

या बाबतीत आपला १९५९ चा अधिनियम पाहण्याजोगा आहे. त्यातील ‘शस्त्रे’ या शब्दाच्या व्याख्येत शस्त्रांचे भाग आणि शस्त्रे बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. अमेरिकेतील सहकाऱ्यांना मी हे दाखवतो तेव्हा ते हसतात आणि म्हणतात की दुसरी घटनादुरुस्ती नसलेल्या देशाला हे परवडते. त्यांचे म्हणणे खरे आहे.

येथे दुसरा प्रश्न येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ‘ब्रूएन’ निकालापासून कसोटी अशी आहे की, घटनादुरुस्तीच्या शब्दांत बसणाऱ्या वर्तनावर बंधन घालायचे असेल तर सरकारने देशाच्या शस्त्रनियमनाच्या परंपरेत त्याचे मूळ दाखवावे; त्याच न्यायालयाच्या २०२४ च्या ‘रहिमी’ निकालाने त्यात जुळा पुरावा नको, तत्त्व जुळले तरी पुरे, अशी सवलत दिली. विरोधक म्हणतात की अठराव्या शतकात घरोघरी बंदुका घडत होत्या आणि त्यांवर क्रमांक नव्हते. ते बरोबर आहे. पण १८०५ मध्ये मॅसॅच्युसेट्सने बंदुकीच्या नळ्यांची अधिकृत चाचणी करून त्यांवर तपासनिसाची आद्याक्षरे आणि वर्ष ठोकण्याची सक्ती केली होती, हेही तितकेच खरे आहे, आणि मला तरी क्रमांकाचा पूर्वज त्या ठशात दिसतो. ऑगस्ट २०२४ मध्ये चौथ्या विभागाच्या संघीय अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने क्रमांक खोडलेल्या बंदुकीविषयीच्या खटल्यात सांगितले की, अशी बंदूक कायदेशीर कामासाठी सर्वसामान्य वापरात नसते, म्हणून तिला घटनात्मक संरक्षण नाही. हा निकाल राज्यांच्या उपयोगाचा आहे, मात्र खोडलेला क्रमांक आणि कधीच नसलेला क्रमांक यांत फरक करू पाहणारा वकील प्रत्येक खटल्यात उभा राहतो, आणि तो फरक अगदीच पोकळ नाही.

सर्वांत कच्चे कलम असते ते घरी बनवण्यावर आणि बाळगण्यावर सरसकट बंदी घालणारे. डेलावेअरमधील संघीय न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये तेथील कायद्याच्या नेमक्या याच भागाच्या अंमलबजावणीला खटल्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत मनाई केली. बनवण्याचा हक्क नसेल तर बाळगण्याचा हक्क पोकळ ठरतो, असा युक्तिवाद तेथे चालला. म्हणून मी मसुद्यात बंदीपेक्षा अट पसंत करतो : बनवा, पण क्रमांक घ्या आणि तपासणीतून जा. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्येच हे केले. जुलै २०१८ पासून तेथे घरी बंदूक बनवणाऱ्याने आधी राज्याच्या न्याय विभागाकडून क्रमांक मागावा लागतो आणि ज्यांच्याकडे आधीच होत्या त्यांना वर्षाअखेरपर्यंत मुदत मिळाली. प्लॅस्टिकची बंदूक असेल तर तिच्यात ३.७ औंस, म्हणजे सुमारे १०५ ग्रॅम, पोलाद बसवून त्यावर क्रमांक कोरायचा, इतका बारकावा त्या कायद्यात आहे.

मुदतीविषयी थोडे सांगतो, कारण विधिमंडळात या मुद्द्याला कोणी वेळ देत नाही आणि नंतर खटले त्यावरच रेंगाळतात. मेरिलँडने विक्रीवरील बंदी १ जून २०२२ पासून आणि बाळगण्यावरील बंदी १ मार्च २०२३ पासून लागू केली. मधले नऊ महिने मालकाने परवानाधारकाकडे जाऊन क्रमांक कोरून घ्यावा यासाठी होते. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात कोणत्याही दुकानदारावर दुसऱ्याच्या घरगुती बंदुकीवर क्रमांक कोरून देण्याची सक्ती नसते, आणि ज्या भागात एकही जण तयार होत नाही तेथे प्रामाणिक मालकासमोर बंदूक नष्ट करणे किंवा गुन्हेगार होणे एवढेच उरते. क्रमांक देण्याची जबाबदारी राज्य पोलिसांनी किंवा न्याय विभागाने स्वतः घेतल्याखेरीज बाळगण्याचे कलम लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तसेच १९६८ पूर्वी विकल्या गेलेल्या अनेक हलक्या शिकारी रायफलींवर आणि शॉटगनवर कारखान्यातूनच क्रमांक आलेला नसतो. आजोबांच्या माळ्यावर सापडलेली पॉइंट २२ ची रायफल घोस्ट गन ठरू नये, यासाठी एक ओळीचा अपवाद पुरतो. तो विसरलेले मसुदे मी एकाहून अधिक वेळा परत पाठवले आहेत.

विक्रेत्यांबाबत राज्याच्या कायद्याचा आणखी एक उपयोग आहे, ज्याकडे फौजदारी वकिलांचे लक्ष जात नाही. २००५ च्या संघीय कायद्याने बंदूक उद्योगाला दिवाणी दाव्यांपासून मोठे संरक्षण दिले आहे. मात्र विक्रीसंबंधीचा राज्याचा किंवा संघाचा कायदा विक्रेत्याने जाणूनबुजून मोडला असेल, तर ते संरक्षण गळून पडते. म्हणून भागांच्या विक्रीविषयीचे नेमके कलम हे महापालिकांच्या हाती दाव्याची किल्ली देते. पॉलिमर८० विरुद्ध लॉस एंजलिसने केलेला दावा २०२३ मध्ये आणि बाल्टिमोरने केलेला २०२४ मध्ये कंपनीने पैसे देऊन आणि विक्रीवर मर्यादा मान्य करून मिटला. पुढे त्या कंपनीचे कामकाजच थांबले. बाजारातील माल कमी करण्यात एखाद्या फौजदारी खटल्यापेक्षा या दाव्यांचा वाटा मला मोठा वाटतो.

राहता राहिला थ्रीडी प्रिंटर. टेक्सासमधील डिफेन्स डिस्ट्रिब्युटेड या संस्थेने २०१३ मध्ये छापता येणाऱ्या पिस्तुलाचा आराखडा इंटरनेटवर टाकला, तेव्हापासून हा प्रश्न लोंबकळत आहे. न्यू जर्सीने २०१८ च्या कायद्यात परवाना नसलेल्यांना अशा संगणकीय फाइली पुरवणे हाच गुन्हा ठरवला. पण फाइल ही भाषा मानली, तर पहिल्या घटनादुरुस्तीतील अभिव्यक्तीचा हक्क आडवा येतो आणि शस्त्राचा खटला भाषणाचा होऊन बसतो. मला हा मार्ग पसंत नाही. छापलेल्या फ्रेमलाही क्रमांकाची तीच अट लावावी, ती अट मोडून बाळगलेल्या आणि विकलेल्या बंदुकीसाठी शिक्षा ठेवावी, आणि फाइलीच्या मागे लागायचे झालेच तर जो माणूस बाळगण्यास अपात्र आहे हे ठाऊक असूनही त्याला ती देतो तेवढ्यापुरतेच कलम मर्यादित करावे. संच विकणारा दुकानदार सापडतो, कारण त्याला गिऱ्हाईक हवे असते आणि म्हणून जाहिरात करावी लागते. छापणाऱ्याला यातले काहीच नको असते. त्यामुळे बाळगण्याच्या कलमाचे वजन येत्या काळात वाढत जाणार, आणि न्यायालयात सर्वांत आधी हल्ला होतो तोही त्याच कलमावर. शोधप्रबंधासाठी विषय निवडायचा असेल तर तो येथे आहे. मिनेसोटाच्या निकालातील बहुमत आणि विरोधी मत शेजारी ठेवून वाचण्यापासून सुरुवात करावी.